सातच्या मालिकेचा रिमोट

मित्रांनो, स्वस्थ बसणं माझ्या रक्तातच नाही. तसं माझ्या अंगात रक्तही नाही, पण तुम्ही समजून घ्या. मी केबलच्या डब्याचा एक जुना रिमोट आहे. 'हे नको, ते लाव' एवढ्यासाठीच ज्याचा जन्म झाला, त्याला एका जागी पडून राहायला लावणं ही शिक्षाच. सध्या मी ती भोगतो आहे, म्हणून म्हटलं, पडल्या पडल्या आपली कहाणी तरी सांगावी.

एका कारखान्यात मला जोडलं. काळ्या प्लॅस्टिकच्या दोन शिंपल्या, त्यांच्यामधे एक हिरवी पट्टी, पट्टीवर रबरी बटणांची चादर आणि कपाळावर इवलासा दिवा. या दिव्याचा उजेड माणसांना दिसत नाही. टीव्हीखालच्या डब्याला मात्र तो बरोबर दिसतो. मी इकडून डोळा मारला की तो तिकडून चॅनेल बदलतो. उंटावरून शेळ्या हाकू नयेत असं मोठी माणसं सांगतात, पण माझं तर पोट त्याच धंद्यावर. एका बाईनं मला जोडलं, दुसरीनं माझी बटणं दाबून पाहिली, तिसरीनं पिशवीत घातलं, आणि माझ्या डब्याच्या कुशीत बसून मी हैदराबादला आलो. आमची दोघांची कधी ताटातूट होईल असं तेव्हा मनातही आलं नव्हतं.

यादगिरी नावाच्या केबलवाल्यानं आम्हाला स्कूटरवरून अंबरपेठेतल्या एका घरात आणलं. खांबावरून गच्चीवर आणि गच्चीवरून खिडकीत अशी काळी वायर त्यानं ओढली, डबा बसवला आणि मला घरातल्या म्हाताऱ्या बाईंच्या हातात दिलं.

"संभालके रखना अम्मा, गिरा तो काम नै करता," तो म्हणाला.

त्या बाई म्हणजे केसरबाई. नांदेडकडच्या, लग्न होऊन हैदराबादला आलेल्या. त्यांचे मालक उत्तमराव विद्यापीठाच्या कचेरीत नोकरीला होते. आता ते भिंतीवर, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी असतात. मुलगा अमरदीप विम्याच्या ऑफिसात, सून माधवी दवाखान्याच्या लॅबमध्ये आणि नात दीक्षा विद्यानगरच्या शाळेत. एवढंच घर, पण त्या घरात माझा थाट काय वर्णावा! केसरबाईंनी मला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर रबर लावलं होतं, त्यामुळे हळदीची बोटं लागली तरी पिशवीला लागत, मला नाही. मी जरा उशीखाली सरकलो की घरभर "रिमोट कुठाय, रिमोट कुठाय" असा पुकारा व्हायचा. उत्तमरावांचा चष्मा हरवल्यावरसुद्धा एवढी शोधाशोध होत नसे, असं केसरबाईच सांगत. सेल उतरले की मात्र अमरदीप मला तळहातावर आपटायचा. दोन रट्टे खाऊन मी पुन्हा कामाला लागायचो. मार खाऊन राग न धरणारा त्या घरात मी एकटाच होतो.

आमच्याकडं पुढचे सगळे नंबर तेलुगू चॅनेलांचे, त्यांच्यामागं हिंदी, आणि मराठी चॅनेलं पार शेवटच्या बाकावर बसलेली. माझ्या बटणांवरचे आकडे पुसून गेले, तरी केसरबाईंचा अंगठा न बघता तिथं पोचायचा. रोज संध्याकाळी सात वाजता.

सातला त्यांची मराठी मालिका लागत असे. रेवती नावाची सोशिक सून, तिला छळणारी सासू, असा सगळा नेहमीचा संसार. तो काही विशेष नव्हता. विशेष होतं ते निराळंच. नांदेडला केसरबाईंची धाकटी बहीण कुसुमताई राहते. तीही त्याच वेळी तीच मालिका लावून बसायची. जाहिराती लागल्या रे लागल्या की केसरबाई माझं आवाज बंद करायचं बटण दाबत आणि दुसऱ्या हातानं तिला फोन लावत.

"जयभीम अक्का. बघितलंस का सासूचं?"

"बघितलं माय. तोंडावर गोड अन् पाठीमागं काय करायली बघ."

"अन् ही रेवती गप बसायली."

"गप बसंल नाही तर काय करंल? माहेरी कोण हाय तिला?"

जाहिराती संपल्या की फोन खाली. पुन्हा जाहिराती लागल्या की पुन्हा फोन. अमरदीप हसायचा. "माय, सगळं बघून झाल्यावर एकदाच बोल की." त्यावर केसरबाई म्हणत, "तवा तिला सैपाक असतो, अन् मला बी."

पण मित्रांनो, सैपाकाचं ते निमित्त होतं. बोटांवरून माणूस ओळखणं हा माझा पिढीजात धंदा आहे. मालिकेत कुणी म्हातारी आजारी पडली, की केसरबाईंचा अंगठा माझ्यावर ताठ व्हायचा आणि त्या दिवशीचा फोन लवकर आटपायचा. का, ते मला त्यांच्याच तोंडून कळलं, एकदा त्या माधवीजवळ बोलल्या तेव्हा. बऱ्याच वर्षांमागं या दोघींची आई कुसुमताईकडं अंथरुणाला खिळली होती. कुसुमताईनं निरोप धाडला, अक्का ये. अमरदीपची दहावीची परीक्षा चालू होती. शेवटचा पेपर झाला की निघते, असं केसरबाईंनी कळवलं. आई काही त्या पेपरासाठी थांबली नाही. कुसुमताईनं सगळं एकटीनं केलं आणि त्यावर पुढं कधी एका शब्दानं विचारलं नाही. तिनं विचारलं नाही म्हणून यांना सांगता आलं नाही. तेव्हापासून केसरबाई नांदेडला लग्नकार्याला जायच्या, पण मांडवातूनच माघारी यायच्या. बहिणीच्या उंबऱ्यात त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं.

वर्षानुवर्षं दोघींचं बोलणं 'कशी हाईस, बरी हाय' एवढंच. मग एका लग्नात जेवताना कळलं की दोघीही सातची तीच मालिका बघतात, आणि फोन सुरू झाले. मालिका होती म्हणून बोलणं होतं. मालिका नसेल तेव्हा काय, हे कुणीच कुणाला विचारलं नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडल्या आणि जेवता जेवता अमरदीपनं जाहीर केलं, "केबल बंद करून टाकतो आता. बातम्या मोबाइलवर, मॅच मोबाइलवर. टीव्हीपुढं बसतंय कोण? दीक्षाचा अभ्यास तरी होईल."

"आईंची मालिका?" माधवीनं विचारलं.

"ती पण मोबाइलवर येते. कधीही बघता येते."

केसरबाईंनी घास हातातच धरला होता. "कर बाबा, तुला बरं वाटंल तसं," त्या म्हणाल्या.

मी दिवाणावर पडून ऐकत होतो आणि मला ओरडावंसं वाटत होतं. अरे बाबा, तिच्याकडं फोन एकच! त्यात मालिका बघायची तर मधेच बहिणीला फोन कुठून लावायचा? आणि 'कधीही' बघायची म्हणजे कुसुमताईबरोबर बघायची नाहीच. केसरबाईंनी हे नुसतं बोलून दाखवलं असतं तरी अमरदीपनं ऐकलं असतं, तो काही दुष्ट नाही. पण तेवढं सांगायचं म्हणजे बाकीचं सगळं सांगावं लागलं असतं, परीक्षेचंही. ते त्यांना मुलाच्या माथी मारायचं नव्हतं. झाकली मूठ त्यांनी झाकलेलीच ठेवली.

पुढच्या रविवारी यादगिरी आला. त्यानं डबा सोडवला, वायर कापून तिचं वेटोळं केलं आणि हात पुढं केला. "अम्मा, रिमोट?"

आता गंमत ऐका. मी होतो केसरबाईंच्या मांडीखाली. त्याच्या स्कूटरचा आवाज आला तेव्हाच त्या माझ्यावर बसल्या होत्या.

"मालूम नै बेटा. कहाँ की पड गया."

"दीवान के नीचे देखो ना अम्मा."

"देखी. नै है."

यादगिरी त्यांना चांगला ओळखत होता. त्यानं दिवाणाकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं आणि "जाने दो," म्हणून हसला. माझा डबा त्याच्या पिशवीत गेला. मांडीखालून मला नुसता पिशवीचा आवाज ऐकू आला. मला त्या क्षणी रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

त्यानंतर सगळं घरच चुळबुळायला लागलं. केबल बंद करणारा अमरदीपच सगळ्यांत जास्त. ऑफिसातून आला की त्याचा हात सवयीनं मला शोधायचा, मग तो मोबाइल उचलायचा, खाली ठेवायचा, गॅलरीत जायचा, परत यायचा आणि फ्रिज उघडून उगीच आत बघायचा. माधवी पुसलेलं कपाट पुन्हा पुसायची. दीक्षा काळ्या टीव्हीपुढं उभी राहून आपलेच दात बघायची. सात वाजत आले की केसरबाई स्वयंपाकघरातून खिडकीशी आणि खिडकीतून स्वयंपाकघरात अशा येरझाऱ्या घालत. खिडकीत वायरीचं तुटलं टोक लोंबत होतं. अमरदीपनं त्यांना मोबाइलवर मालिका लावून दिली, तर थोडी बघून त्यांनी बंद केली. "कधीबी बघता येती म्हणूनच बघवत नाही," त्या म्हणाल्या. माझी तर सगळी बटणं शिवशिवत होती. दाबा ना कुणीतरी, कुठलंही दाबा!

केबल गेल्याच्या पहिल्याच संध्याकाळी सात वाजले, जाहिरातींची वेळही टळली आणि केसरबाईंनी फोन लावला नाही. शेवटी तिकडूनच आला.

"अक्का, आज फोन नाही केलास? बघितलं नाहीस का?"

केसरबाईंनी मला उचलून घट्ट धरलं. "बघितलं की."

"मग? काय म्हणली सासू?"

केसरबाई काळ्या टीव्हीकडं बघत राहिल्या. "सासू... आज गपच होती माय."

"हौ, गपच होती," कुसुमताई म्हणाली.

कुसुमताई तिकडं खरी मालिका बघते आणि आपण इकडं थाप मारतो, केव्हातरी पकडले जाणार, ही भीती केसरबाईंना रोज सातला घेरायची. केबल गेल्याचं सांगावं, तर उद्यापासून कुठल्या निमित्तानं बोलायचं? म्हणून त्या आधी जपून, मोघम बोलत. सासू रागावली, रेवती रडली, हे कुठल्याही दिवशी चालतंच. पण सासू सलग आठवडाभर रागावून कशी चालेल? हळूहळू त्या धीट झाल्या. त्यांनी रेवतीला दवाखान्यात नोकरी लावून दिली. सासूचा पाय मुरगळला. सासऱ्यांना एकदम उपरती झाली. आणि कुसुमताई प्रत्येक गोष्टीला "हौ, हौ, तसंच झालं," म्हणत गेली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता, पण मी पडलो रिमोट. चॅनेल बदलणं माझं काम, विचार तर माझ्या बापानंही कधी केला नव्हता.

बघता बघता त्या घरात वायरीशिवाय सातची मालिका सुरू झाली. माधवी त्या वेळी कुकर लावायची नाही, शिट्टीत ऐकू येणार नाही म्हणून. दीक्षा पुस्तक उघडं टाकून आजीला चिकटून बसायची. "आज्जी, नेक्स्ट काय होणार? प्लीज सांग ना."

"थांब गं, मला तरी कुठं ठाव हाय," केसरबाई म्हणत, आणि ते अगदी खरं होतं.

एकदा दीक्षानं माझं बटण दाबलं आणि मोबाइलचा कॅमेरा माझ्या कपाळासमोर धरला. त्यात माझा दिवा जांभळा जांभळा चमकताना दिसला. "आज्जी बघ, ह्याचा लाइट अजून ऑन होतो."

"म्हणजे ह्यो अजून बोलायलाय?"

"हौ. पण ऐकायला बॉक्सच नाही ना."

केसरबाई बराच वेळ तो जांभळा ठिपका बघत बसल्या. मग मला पदरानं पुसून त्यांनी उशाशी ठेवलं.

पुढं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तेव्हा अमरदीपनं माझ्या पोटातले सेल काढून त्यात घातले. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! मी हलका झालो, अगदीच पोकळ. एक मात्र होतं. आता केसरबाईंना सात वाजल्याचं माझेच सेल सांगत होते. आणि सेल नसलेल्या मला हातात घेतल्याशिवाय त्यांना मालिका सुचत नव्हती.

दसऱ्यानंतर त्या मालिकेत एक नवं माणूस आलं. रेवतीला एकाएकी एक मोठी बहीण फुटली. ती लांबच्या शहरात राहते, धाकटीकडं जावं म्हणून नवं लुगडं नेसते, ठेसनापर्यंत जाते आणि परत फिरते.

"कामून परत फिरती?" कुसुमताईनं विचारलं.

"तिला भ्या वाटतं."

"कशाचं?"

"धाकटी काय म्हणंल त्याचं."

मग कुसुमताई घाईनं म्हणाली, "जाहिराती लागल्या अक्का, ठेवते."

मित्रांनो, मी इथं ताडकन उठून बसलो असतो. जाहिराती लागल्या की या दोघी फोन उचलतात, संपल्या की ठेवतात, ही इतक्या वर्षांची रीत. जाहिराती लागल्या म्हणून फोन ठेवायचा, हे कुठलं तंत्र? टीव्हीपुढं बसलेलं माणूस असली चूक करणार नाही. केसरबाईंच्या ते ध्यानात आलं नाही. चोराच्या मनात चांदणं, त्यांना आपल्याच थापेची धास्ती लागलेली होती.

डिसेंबरात केसरबाईंना खोकला झाला. चैत्यभूमीची गर्दी यंदा टीव्हीवर बघायला मिळाली नाही म्हणून त्या आधीच हिरमुसल्या होत्या. सातला फोन आला तर आवाज फुटेना. "तू गप बस अक्का," कुसुमताई म्हणाली, "आज मी सांगते काय झालं ते."

केसरबाई ऐकू लागल्या. मी त्यांच्या मुठीत होतो.

"आज ती धाकटी लई बोलली. शेजारणीला म्हणली, माझा अक्कावर राग नाही. लेकराची परीक्षा होती, ती कशी सोडून येईल? पण मला एकटीला लई जड गेलं माय. रातभर मायच्या उशाशी बसायची, अन् दाराचा आवाज झाला की वाटायचं अक्का आली. एवढंच तिला सांगायचं हाय, म्हणली. पण ती घरी येतच नाही, तर सांगू कुणाला."

केसरबाईंनी मला असं दाबलं की माझी सगळी बटणं एकदम आत गेली. सेल असते तर त्या दिवशी सगळी चॅनेलं एकाच वेळी लागली असती. त्यांनी फोन ठेवला आणि पुन्हा येरझाऱ्या सुरू केल्या. ती मोठी बहीण त्यांनी स्वतः रचलेली. ती खऱ्या मालिकेत कशी शिरली? आणि परीक्षेचं तिथं कुणी सांगितलं? जेवणावरही त्यांचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी अमरदीप ऑफिसातून आला, तशा त्या त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"मला माझी मालिका दाव. कालची."

अमरदीपला बरंच वाटलं. आईचं काहीतरी आपण काढून घेतलंय हे त्याला इतके महिने टोचत होतंच. त्यानं मोबाइल टीव्हीला जोडला आणि शोधू लागला. शोधता शोधता त्याचं बोट थांबलं.

"माय, ही तर गणपतीतच संपली. हा बघ शेवटचा भाग."

टीव्हीवर सगळे हसत उभे होते आणि सासू रेवतीला लाडू भरवत होती. मोठी बहीण कुठंच नव्हती.

"मग कुसुम काय बघायली?" केसरबाई म्हणाल्या.

त्या दिवाणावर बसल्या आणि त्यांचा अंगठा माझ्या बटणांवरून सावकाश फिरू लागला. कुठून कुठवर काय झालं ते त्या पुन्हा आठवत होत्या. हौ, हौ, तसंच झालं. जाहिराती लागल्या अक्का, ठेवते. तो अंगठा थांबला तेव्हा मला कळलं की त्यांना कळलं. आधी त्यांना राग आला, मग हसू आलं, आणि मग त्यांनी डोळ्याला पदर लावला.

"माय, केबल परत घेऊ का?" अमरदीपनं विचारलं.

"नक्को," त्या म्हणाल्या. मग उत्तमरावांच्या तसबिरीकडं बघत त्यांनी लेकाला परीक्षेची सगळी गोष्ट सांगितली. तो खाली मान घालून ऐकत होता. भिंतीवर माझ्या सेलांनी सात वाजवले. केसरबाईंनी फोन लावला.

"जयभीम कुसुम."

"जयभीम अक्का. काय झालं आज?"

"आज मोठी निघाली."

मग कुसुमताईचा आवाज आला, जरा घोगरा. "ठेसनावरून परत फिरती का, मागच्यावाणी?"

केसरबाईंनी अमरदीपकडं बघितलं. त्यानं मोबाइल कधीच काढला होता आणि तो काचीगुड्याहून नांदेडच्या गाड्या बघत होता.

"नाही फिरत. लेक संगं यायलाय."

"मग धाकटी सैपाक करून ठेवती. काय खाती मोठी?"

"धाकटीला ठाव हाय."

निघताना केसरबाईंनी मला पिशवीत घातलं, का ते कुणी विचारलं नाही. गाडीत त्या इतक्या वेळा उठल्या बसल्या की समोरच्या माणसानं अमरदीपला विचारलं, मावशींना बरं नाही का? आणि नांदेडला रिक्षातून उतरल्यावर त्या फाटकाशी खरंच थांबल्या. मला वाटलं, आता ही बाई मागं फिरते. पण दार आधीच उघडं होतं आणि कुसुमताई पायरीवर उभी होती. दोघी एकमेकींना धरून रडल्या, ते मी पिशवीतून ऐकलं.

कुसुमताईच्या टीव्हीवर चादर घातलेली होती. तिचा रिमोट, म्हणजे माझा चुलतभाऊ, खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून फटीत खोचलेला होता. काय ही दशा!

"उन्हाळ्यात रस्ता रुंद केला, तवा वायर तोडली," कुसुमताई म्हणाली. "जोडायला पुन्हा कुणी आलं नाही."

"म्हणजे माझ्याबी आधी? मग मला कामून नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू फोन केला असतास?"

केसरबाईंनी पिशवीतून मला काढलं आणि खिडकीत चुलतभावाशेजारी ठेवलं. कुसुमताईनं ते दोन मुके रिमोट बघितले आणि ती हसत सुटली. मग केसरबाईही हसल्या. अमरदीप बिचारा एकदा मावशीकडं आणि एकदा आईकडं बघत राहिला.

सात वाजले तशा दोघी सवयीनं अस्वस्थ झाल्या. एकीनं उगीच चादरीचं टोक नीट केलं, दुसरीनं पाणी आणलं. केसरबाईंचा हात खिडकीत माझ्याकडं आला.

"अक्का," कुसुमताई म्हणाली, "माय गेली त्या दिवशीचं सांगू का?"

हात माझ्यापाशी येऊन थांबला आणि मला न उचलताच मागं गेला. "सांग," केसरबाई म्हणाल्या. सातच्या वेळेला माझी गरज लागली नाही असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

मित्रांनो, टीव्हीची वायर खुशाल कापा. मी ओरडणार नाही, आणि ओरडलो तरी तुम्हाला ऐकू येणार नाही. पण कापण्याआधी घरातल्या थोरांना एवढं विचारा, की तुम्ही हे बघता ते कुणाबरोबर बघता? त्या वायरीचं दुसरं टोक कुणाच्या घरात असतं ते खांबावर चढून दिसत नाही. आणि आम्हाला भंगारात देणारच असाल तर सेल तेवढे काढून द्या, पोटात गळले की फार आग होते.

माझं म्हणाल, तर मी अजून नांदेडच्याच खिडकीत आहे. परतीच्या घाईत केसरबाई मला विसरल्या. त्याच संध्याकाळी अंबरपेठेतून फोन आला.

"कुसुम, रिमोट राहिला की गं तिथंच."

"पाठवून देऊ का अक्का?"

"नक्को. राहू दे. मी येते की न्यायला."

तेव्हापासून दाराचा जरा आवाज झाला की मी कान टवकारतो. स्वस्थ बसणं माझ्या रक्तात नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगितलं आहे.